बिनगुलालाचं कपाळ

मागच्या हिवाळ्यात मी एका सायकलच्या हँडलला गुलाल लावला. आता हँडलला गुलाल लावणं हा काही गुन्हा नाही. दसऱ्याला आपण स्कूटरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावतोच. पण मला सांगितलं होतं कपाळाला लावायला. झालं असं, की वर्ध्याची काही तरुण पोरंपोरी रविवारी जाड टायरच्या, गिअरच्या सायकली घेऊन आमच्याकडच्या टेकड्या चढतात. आमच्या गावामागच्या खिंडीतून त्यांनी मोठी फेरी काढायची ठरवली आणि गावचा जुना माणूस म्हणून मला सुरुवात करून द्यायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बायको मंगला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली. माझ्या हातात गुलालाचं ताट दिलं आणि एकेक सायकलवाला पुढे यायला लागला. पहिली चार-पाच पोरं नीट पार पडली. मग एक मुलगी आली. हनुवटीखाली पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण, तिनं मान पुढे केली आणि माझा अंगठा तिच्या कपाळापर्यंत जाऊन थांबला. पुढे जाईना. मी ताट सावरल्यासारखं केलं, खोकलो, आणि अंगठा खाली आला तो थेट तिच्या हँडलवर टेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवाल्या पोरानं सांगून टाकलं, की या भागात वाहनपूजेची फार जुनी प्रथा आहे. मग मागच्या सगळ्यांनी हँडलंच पुढे केली. एका माणसाच्या अवघडण्यातून एक प्राचीन परंपरा अशी बघता बघता जन्माला आली. मी मंगलाकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

मला राग आला. थोडा स्वतःचा आला. थोडा खिंडीच्या तोंडाशी ठोकलेल्या पाटीचा आला. त्या पाटीवर 'कोब्रा ट्रेल' असं लिहिलंय आणि खाली हा मार्ग कोणी शोधला त्यांची नावं दिली आहेत. शोधला! ज्या वाटेनं आमच्या बापजाद्यांनी कापूस, मीठ आणि आजारी माणसं नेली, ती वाट यांनी शोधली. पण खरा राग आला तो वेगळ्याच लोकांचा, आणि त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. मेलेल्यांवर रागावू नये म्हणतात. पण जिवंतपणी ज्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती, त्यांच्यावर माणसानं रागावावं तरी कधी? म्हणून हे प्रकरण लिहायला बसलो आहे. रागात लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमचं गाव केळझरच्या मागच्या अंगाला, टेकडीच्या कुशीत. केळझरला डांबरी सडक, सडकेवर वर्ध्याची आणि नागपूरची एसटी. आमच्याकडे काही नाही. गावातून सडकेला लागायला तीन वाटा होत्या आणि तिन्ही वाटांचा स्वभाव आमच्या घरातल्या माणसांसारखा एकमेकींशी न जुळणारा होता. एक गाडीरस्ता, टेकडीला पुरा वळसा घालून जाणारा. त्यानं निघालं की सायकलवर बसलेल्या माणसाला पोचेपर्यंत जेवलेलं जिरून पुन्हा भूक लागायची. दुसरी पांदण, शेताशेतांमधून जाणारी, हिवाळ्यात लोण्यासारखी. पण पावसाळा लागला की तिथली काळी माती चाकाला अशी धरायची की चाक आणि मडगार्डच्या मध्ये पोळीसारखे थर बसायचे. काडीनं ते खरवडत, सायकल खांद्यावर घेऊन लोक घरी यायचे; सायकलवर माणूस जातो की माणसावर सायकल, ते कळायचं नाही. आणि तिसरी खिंड. मुरमाची, गोट्यांची, बारा महिने कोरडी. पाणी पडलं तरी मुरूम ते पिऊन टाकायचा. चढ असा की छाती भरून यावी, आणि पलीकडचा उतार असा की ज्याची छाती चढावर भरली नसेल त्याची इथे भरावी. त्या उतारावर एक सपाट काळा दगड होता, त्याला आम्ही तवा म्हणायचो. तव्यावरून चाक घसरलं नाही असा गावात कोणी नव्हता. म्हणजे एक सोडून.

ती एक माझी थोरली बहीण, कुसुमताई. ती मावशीकडे अल्लीपूरला राहून मॅट्रिकपर्यंत शिकली. तिथला मुलूख सपाट. मावशीच्या नवऱ्याच्या सायकलीवर ती आधी कैची शिकली, दांड्याखालून पाय घालून. मग दांड्यावरून. परीक्षा देऊन घरी आली ती सायकलचं वेड घेऊनच. बाबांची काळी, उंच, मागे मोठं कॅरिअर असलेली सायकल अंगणात उभी असायची. ताई येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची, जसा बैलावरून फिरवतात तसा. सलवारीच्या दोन्ही पायांना घोट्यापाशी सुतळी बांधायची, म्हणजे साखळीत कापड जायला नको, आणि भल्या पहाटे खिंडीत जायची. मला बरोबर न्यायची, कारण एकटीनं जाऊ नये असा मायचा हुकूम होता. मी तिचं संरक्षण करतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी काकांच्या जुन्या खटारा सायकलीवरून पडायचो आणि ती मला उचलायची. तिचं सायकलशास्त्र सगळं मला अजून पाठ आहे. चढावर घाई नाही, उतारावर भेव नाही. उतारावर बूड मागे, हात सैल. आणि मी तव्यापाशी हमखास आपटायचो तेव्हा म्हणायची, "तू दगडाकडे पाह्यतं म्हनून चाक दगडावर जाते. जिथं जायचं तिथं पाह्य ना बे."

घरात आम्ही चौघं. पहाटे मायच्या हातची भाकर थापल्याचा आवाज यायचा, मग चुलीवर तवा बदलल्याचा, मग बाबांच्या सायकलच्या मागच्या चाकाची टकटक. ते शेतावर जायचे. फडक्यात भाकर, कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा आणि उन्हाळ्यात भेदऱ्याची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. बाबा शेतकरी होते आणि गावात त्यांना पंच म्हणून मान होता. बांधाचं भांडण असो की कोणाची शेळी कोणाच्या वाफ्यात शिरलेली असो, लोक बाबांना बोलवायचे, कारण बाबा एकदा ठरलेलं मोडत नसत. "ठरलं ते ठरलं" हे त्यांचं वाक्य. आम्हा पोरांना ते इतकं ऐकावं लागे, की भाजीत मीठ कमी पडलं तरी आम्ही एकमेकांना म्हणायचो, ठरलं ते ठरलं. माय मात्र या वाक्यावर कधी हसायची नाही. तिचं त्या वाक्याशी आयुष्य गेलं होतं.

ताईला वर्ध्याला कॉलेजात जायचं होतं. केळझरपर्यंत सायकल, तिथे ओळखीच्या अंगणात ती ठेवायची, पुढे एसटी, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांचा शिक्षणाला विरोध नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. त्यांचा विरोध खिंडीला होता. पावसाळ्यात पांदण बंद, वळशानं जायचं तर कॉलेज सुटेल. म्हणजे रोज खिंडच. पोरगी तिथं तव्यावर आपटली तर उचलायला कोण आहे? आणि गाव काय म्हणेल? यातलं दुसरं कारण ते उघड बोलत नसत, पण आमच्या घरात न बोललेलं जास्त ऐकू यायचं. ताई म्हणाली, की मी गावातल्या कोणत्याही पोरापेक्षा खिंड चांगली उतरते. बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "जयंतीच्या शर्यतीत पह्यली ये. मंग जाजो कॉलेजले." मला वाटतं, ते त्यांनी विषय मिटवायला म्हटलं असावं. आपल्या घरात शब्द खरा धरणारं आणखी एक माणूस आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

हनुमान जयंतीला सूर्य उगवताना जन्म झाला, सुंठवडा वाटला, की आमच्या गावात सायकलींची शर्यत असायची. मारुतीच्या पारापासून निघायचं, खिंड चढायची, पलीकडे उतरायचं, केळझरच्या सडकेवर एक रपटा, म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल, होता तिथे वळायचं आणि त्याच वाटेनं परत. कोणी अर्ध्यातून परत फिरून लबाडी करू नये म्हणून रपट्यावर मंडळाचा एक माणूस गुलालाचं ताट घेऊन उभा असायचा. येईल त्याच्या कपाळाला तो गुलाल लावायचा. गुलाल म्हणजे निशाणी. गुलाल नाही तर तुम्ही रपट्यापर्यंत गेलाच नाहीत. नियम चांगला होता. ज्यांनी केला त्यांच्या डोक्यात एवढंच आलं नव्हतं, की या शर्यतीत कधी एखादी मुलगी उतरेल.

ती उतरली तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दौलतराव हसून म्हणाले, उतरू द्या, पोरगी आहे, चढावरूनच परत येईल. त्यांचा पुतण्या विलास नव्या सायकलीवर बसला होता, तोही हसला. रपट्यावर त्या वर्षी सोनबाजी होते. सोनबाजी म्हणजे गावातला सगळ्यात सभ्य माणूस. बाईमाणूस समोरून आलं की ते वाट सोडून बांधावर चढायचे, मग तो बांध चिखलाचा असो की काट्यांचा. अशा माणसाच्या हातात ताट द्यायचं आणि शर्यतीत एक तरणी पोरगी. पण त्या सकाळी हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

शर्यतीचं वर्णन मी वीरश्रीनं करू शकलो असतो, पण मी बहुतेक सगळा वेळ मागे होतो. चढावर ताई विलासच्या पाठीशी होती, तेवढं मी पाहिलं. पोरं उभं राहून पायडल हाणत होती आणि ताई बसून, एकाच लयीत, दळण दळावं तशी चढत होती. खिंडीच्या माथ्यावर ती पुढे गेली. मग उतार लागला आणि उतारावर तिच्यापुढे कोणी जाईल, हा प्रश्नच नव्हता. तव्यापाशी दोघं पोरं एकमेकांवर पडली होती. मी दगडाकडे पाहायचं नाही असं बजावत दगडाकडेच पाहिलं, आणि माझी साखळी उतरली. साखळी चढवून काळ्या हातांनी मी रपट्यावर पोचलो तेव्हा सोनबाजींनी माझ्या कपाळाला असा काही गुलाल फासला, की तो नाकात गेला. शिंकत शिंकत मी विचारलं, ताई गेली का? ते म्हणाले, "गेली. सगळ्यायच्या आगुदर गेली. वारा हाये बापा ती पोरगी." हे त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या तोंडून, माझ्या कानांनी मी ते ऐकलं. म्हणून तर माझा राग अजून ताजा आहे.

परतीच्या चढावर बाभळीच्या काट्यांनी कित्येकांचे टायर पंक्चर केले. माझ्या सायकलीचे टायर इतके जुने होते, की काट्यालाही त्यांत रस नसावा. मी घामानं ओघळलेला गुलाल तोंडभर माखून पारावर पोचलो, आणि डफडं बंद असलेलं दिसलं. सगळे गोल करून उभे होते. मध्ये ताई, एका हातानं सायकल धरून. तिचं कपाळ कोरडं, स्वच्छ, घामानं चमकत होतं. मागे विलास, त्याच्या कपाळावर झेंड्यासारखा गुलाल.

"निशानी कुठं हाये वं?" दौलतराव विचारत होते.

"त्यायनं लावलीच नाई," ताई म्हणाली. "मी उभी राह्यली, मान पुढं केली. त्यायनं हात जोडले अन् म्हने, जाय माय, पाह्यलं म्या तुले."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, की अर्ध्यातून परतली असेल. म्हणणाऱ्याचा आवाज मी ओळखला होता आणि अजून ओळखतो. तो माणूस पुढे सोसायटीचा संचालक झाला. बाबा पंचांमध्ये उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ताईनं त्या आवाजाकडे मान वळवलीसुद्धा नाही. ती म्हणाली, की सोनबाजीकाकांना येऊ द्या. मग सगळं गाव सोनबाजींची वाट पाहत थांबलं, आणि ते रिकामं ताट काखेत धरून, खिंड पायी ओलांडून, सावकाश आले.

सोनबाजी खोटं बोलले नाहीत. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, निदान एका माणसावर राग काढता आला असता. त्यांनी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, "पोरगी आलती. पह्यली आलती. पन मी परक्याच्या पोरीच्या कपाळाले हात कसा लावू बापा?" आणि मग जे झालं ते मी शंभर वेळा सांगून झालं आहे आणि शंभर वेळा माझी हाडं जळली आहेत. लोकांनी सोनबाजींची तारीफ केली. याला म्हणतात वळण. याला म्हणतात जुनं माणूस. कोणी त्यांना पाणी आणून दिलं. सगळ्यांना मान्य, की पोरगी पहिली आली. सगळ्यांना मान्य, की सोनबाजींनी केलं ते बरोबर केलं. आणि सगळ्यांना हेही मान्य, की निशाणी नाही म्हणजे निशाणी नाही. तिन्ही गोष्टी एका डोक्यात कशा मावतात, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता डोक्यावरचे केस गेले तरी कळलेलं नाही. दौलतराव म्हणाले, की आज पोरीसाठी नियम मोडला तर उद्या कोणीही कोरडं कपाळ घेऊन येईल. मग ते पंचांकडे वळले. पंच बाबांकडे वळले. बाबांनी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता बाबा बोलतील. बाबा बोलले.

"ठरलं ते ठरलं," ते म्हणाले.

पहिलं बक्षीस टायर-ट्यूबची नवी जोडी, ते विलासला. दुसरं हवा भरायचा पंप. आणि तिसरं, सायकलची चकचकीत घंटी, ते मला! कारण निशाणी घेऊन धड परत आलेल्यांत मी तिसरा होतो. मी, ज्यानं निम्मी खिंड सायकल ढकलत पार केली होती. माझ्या तोंडावर इतका गुलाल होता, की दोन-तीन जणांची निशाणी त्यात भागली असती. पण अजून संपलं नव्हतं. गावाला ताईचा मान करायचा होता. लोक मनानं चांगलेच होते, तीच तर अडचण होती. दौलतरावांच्या बायकोला बोलावलं आणि ताईची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ताईच्या अंगावर सलवार-कमीज, घोट्याला सुतळी. ओटी घ्यायला पदर नाही. तिनं ओढणी पसरली. दौलतरावांच्या बायकोनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि डफडं पुन्हा वाजायला लागलं. कुंकू लावणारी बाई हाकेच्या अंतरावर बसली होती! तिला रपट्यावर उभं करावं, एवढी अक्कल अख्ख्या मंडळात कोणाला सुचली नाही. शर्यत जिंकलेल्या मुलीला हरवून तिचा सत्कार करायचा, ही कला आमच्याच गावाला साधलेली.

त्या दिवशी मायनं पाटवडीचा रस्सा केला होता. सकाळीच करून ठेवला होता, कोणत्या भरवशावर ते तिनं सांगितलं नाही. आम्ही सगळे खाली मान घालून जेवलो. रस्सा झणझणीत होता, त्यामुळे नाकं ओढायला सगळ्यांनाच निमित्त होतं. ताई रडली नाही. जेवण झाल्यावर तिनं चिंधीनं बाबांची सायकल पुसली, तार न् तार पुसली, जशी आता ती आपली नाही म्हणून पुसावी. मी माझी घंटी तिच्या हँडलला बसवून दिली. हा काही त्याग नव्हता. काकांच्या खटाऱ्याचं हँडल वाकडं होतं, त्यावर ती बसत नव्हती. ताईनं ती एकदा वाजवली आणि हातानं आवाज दाबून टाकला.

माय भांडी आवरत होती. पाठ बाबांकडे ठेवूनच तिनं विचारलं, "गुलाल कोन लावाचा, हेबी ठरलं होतं का?"

बाबांनी खरोखर विचार केला. पंचाला प्रश्न विचारला की पंच विचार करतो. "गुलाल पायजे, एवढं ठरलं होतं," ते म्हणाले. "हात कोनाचा, ते काही ठरलं नवतं."

"बरं," माय म्हणाली आणि तिनं चुलीवर पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मायनं ताईला उठवलं. देवळाच्या पायरीवर आदल्या दिवशीचा गुलाल सांडलेला होता, त्यातला चिमूटभर तिनं कुंकवाच्या करंड्यात भरला. कुंकू चाललं असतं, पण नियमात गुलाल होता म्हणून गुलालच. मायही शेवटी बाबांचीच बायको. चढावर ती पायी चालली. माथ्यावर पोचल्यावर तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि जन्मात पहिल्यांदा सायकलच्या कॅरिअरवर बसली. हे मी पाहिलं, कारण मी मागे होतो, नेहमीसारखा. एका हातात करंडा, दुसरा हात ताईच्या कमरेला, डोळे घट्ट मिटलेले. ताईनं बूड मागे घेतलं, हात सैल सोडले आणि मायला घेऊन ती उतार उतरली. तव्यावरून चाक लोण्यासारखं गेलं. मी तिथे उतरून सायकल हातात धरली. रपट्यावर माय खाली उतरली, पदर नीट केला आणि जिथे सोनबाजी उभे होते तिथे जाऊन उभी राहिली. ताईनं मान पुढे केली. मायनं सगळा करंडा तिच्या कपाळावर रिकामा केला.

आम्ही परतलो तेव्हा पारावर सकाळची मंडळी बसली होती. दौलतराव, सोनबाजी, आदल्या दिवशीचा तो आवाज आणि बाबा. ताईनं घंटी वाजवत सायकल पारापुढे आणली. माय कॅरिअरवरून उतरली.  गावातली बाई पारापुढे उभी राहून बोलत नसे. माय बोलली, आणि तेही बाबांशी नाही, दौलतरावांशी.

"ही घ्या निशानी. अन् पुढच्या साली रपट्यावर एखादी बाई उभी करजा, भाऊजी. सोनबाजीयले उगीच कायले त्रास."

 सोनबाजींनी सवयीनं पाराच्या मागच्या बाजूला पाय सोडले, वाट सोडल्यासारखे. बाबा ताईच्या कपाळाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मायला विचारलं, "उतारावर भेव नाई लागलं?"

"पोरगी चालवून राह्यली होती," माय म्हणाली. "भेव कायचं?"

मिटलेले डोळे मी पाहिले होते, पण त्या क्षणी मी पंच नव्हतो.

बाबा उठले. ताईच्या हातातून सायकल घेतली आणि त्याच पावली वळशाच्या रस्त्यानं गेले. खिंडीनं गेले नाहीत. त्यांना स्वतःला तव्याची भीती वाटायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दिवस कलला तेव्हा सेलूच्या मिस्त्रीकडून सायकल परत आली. सीट खाली केलेली आणि साखळीवर पत्र्याचं पुरं झाकण बसवलेलं, बायकांच्या सायकलीला असतं तसं. अंगणात सायकल उभी करून बाबा ताईला म्हणाले, "आता सुतळी बांधू नको. बरं नाई दिसत." बस्. जूनमध्ये ताई कॉलेजात गेली. पावसाळे आले, पांदणी बुजल्या, आणि ताई खिंडीतून जात राहिली. पुढे ती पुलगावजवळच्या नाचणगावला शाळेत गणित शिकवायला लागली आणि तिथलीच झाली. आता गुडघे दुखतात म्हणते. मी कोब्रा ट्रेलचं सांगितलं तेव्हा तिनं फोनवर एवढंच विचारलं, तवा अजून आहे का?

पण निकाल बदलला नाही. हे लक्षात घ्या. कोणी म्हटलं नाही, की चुकलो. विलास अजून लग्नाकार्यात सांगतो, की तो खिंडीत पहिला आला होता, आणि ऐकणारे मान डोलवतात. पुढच्या वर्षी रपट्यावर बाई उभी केली नाही. मुलींनी उतरू नये, असा नवा नियम केला. दुरुस्ती करायला त्यांना हा एवढा एकच मार्ग दिसला! आणि इतक्या वर्षांनी, इतका राग पोटात घेऊन वावरलेल्या माझ्याच अंगठ्यानं त्या पोरीच्या कपाळापाशी ब्रेक लावला. सोनबाजी गेले, पण त्यांचा अंगठा मला देऊन गेले असावेत.

त्या दिवशी कार्यक्रमाहून घरी येताना हे सगळं मी मंगलाला पुन्हा एकदा ऐकवलं. दौलतराव, विलास, ओटी, निशाणी, सगळं. मंगला केळझरची. तिचं माहेर सडकेला लागूनच्या गल्लीत, आणि ताई रोज सायकलवरून त्याच गल्लीतून स्टँडकडे जायची. पण हे मी माझ्या रागात कधी जमेला धरलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं चहा ठेवला. माझं बोलणं संपेना, तेव्हा चहा गाळता गाळता ती म्हणाली, "तुमचं कपाळ-कपाळ पुरे करा आता. सकायी घंटी वाजली का आम्ही पोरी हातातला झाडू टाकून फाटकापाशी पयत येत होतो. तिच्या कपाळाले काही लागलं हाये का नाई, हे आमच्यातल्या एकीनंबी कधी पाह्यलं नाई. आम्ही तिचे पाय पाह्यत होतो."